तुम्ही विचारलंत म्हणून: हलक्या गटातला जड हात

‘लहान वजनाच्या बॉक्सरांत सगळ्यात जड हात कुणाचा?’ मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हेवीवेटवाले असतात, आणि पन्नास किलोचा माणूस मारून मारून किती मारणार, असा सूर असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: जपानचा नाओया इनोउए.

ठोसा किती जोराचा, हे मी तो कुणावर पडला त्यावरून ठरवतो. 30 डिसेंबर 2014, टोकियो. समोर अर्जेंटिनाचा ओमार नार्वाएझ, वर्षानुवर्षं जगज्जेता राहिलेला. व्यावसायिक कारकिर्दीत एकदाच हरला होता, तोही नोनितो डोनेरसारख्या मारणाऱ्यापुढे बाराच्या बारा फेऱ्या उभा राहून. इनोउए 21 वर्षांचा, व्यावसायिक रिंगमधली त्याची ही आठवी लढत, आणि वजनगटही वाढवून आलेला. दोन फेऱ्यांत नार्वाएझ चार वेळा खाली बसला. शेवटचा ठोसा डाव्या हाताचा, बरगड्यांखाली. लढत संपल्यावर नार्वाएझच्या गोटातून इनोउएचे ग्लोव्हज तपासायला मागितले. आत हातच होता. ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 49 किलोच्या गटात तो जगज्जेता झाला होता, आणि 2023 मध्ये 55 किलोच्या गटातले चारही जागतिक संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टे त्याच्याकडे आले. गट वाढला की समोरचा माणूस थोराड होतो आणि बहुतेकांचा ठोसा तिथे बोथट होतो. याचा झाला नाही.

पोर्तो रिकोच्या विल्फ्रेदो गोमेझपाशी मात्र मी बरीच वर्षं अडलो होतो. त्याने सलग 17 वेळा जगज्जेतेपद राखलं, आणि सतराही लढती नॉकआउटने जिंकल्या. 1978 मध्ये मेक्सिकोचा कार्लोस झाराते त्याच्यापुढे आला तेव्हा झारातेच्या नावावर 52 लढती, 52 विजय, त्यातले 51 नॉकआउट. गोमेझने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. पण 1981 मध्ये एक गट वर जाऊन तो साल्व्हादोर सांचेझला भिडला, तेव्हा आठव्या फेरीत तोच थांबला. तेवढ्यासाठी मी त्याला दुसरा धरतो. वेल्समधल्या खाणीतून आलेला जिमी वाइल्ड तिसरा. फ्लायवेट या हलक्या गटाची मर्यादा 112 पौंड, म्हणजे साधारण 51 किलो, तो तेवढाही भरत नसे, तरी आपल्याहून वजनदार माणसं आडवी करायचा.

हा जोर येतो कुठून, हे माझी पोरं रोज विचारतात. दंडातून येत नाही. मागच्या पायाची टाच उचलून बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी आवळली जाते. आमच्याकडे 44 किलोचा एक मुलगा आहे. तीन महिने बॅगवर नुसते हात आपटत होता, फट् फट् आवाज यायचा. मागच्या आठवड्यात एकदाच त्याची टाच वेळेवर वळली. बॅग मधोमध दुमडली, वरची साखळी खणखणली, आणि शेजारी दोरीवर उड्या मारणारे सगळे थांबून त्याच्याकडे बघायला लागले.