शेततळ्याचं पाणी आणि तपकिरी बाटली

कपाशीवर फवारणी झाली आणि तिसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळला. सकाळी शेततळ्याच्या काठाला बोटभर मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. पाण्यातला प्राणवायू घटला तरी मासे मरतात, हे खरं. पण २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हापासून मी अंदाजावर थांबत नाही.

पाण्याचा नमुना तपासणीला द्यायचा तर प्लास्टिकची बाटली नकोच. औषधाचा अंश तिला आतून चिकटतो आणि अहवालात कमी दिसतो. प्रयोगशाळेतून तपकिरी काचेची लिटरभराची बाटली आणली. हातमोजे घातले, गाळ न ढवळता वीतभर खोल धरली, बुडबुडे थांबल्यावर तिथंच झाकण लावलं. बर्फाच्या डब्यातून नमुना त्याच दुपारी एसटीनं गेला. सोबत फवारलेल्या औषधांची नावं लिहून दिली, कारण नुसतं 'विष आहे का बघा' म्हटलं तर नेमकं काय शोधायचं?

पिण्याच्या पाण्यात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. एवढंसं डोळ्याला कुठून दिसणार!

अहवाल यायचाय. तोवर गुरं विहिरीवर पाजतो. आई म्हणते, "पाणी तर निवळशंख दिसतंय रे, बाबू."