पन्नास केबीच्या आतलं जग

नागपुरात एखादी मोठी भरती निघाली की अभ्यासिकांच्या आजूबाजूच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मानेवाडा रोड असो की नंदनवन, काउंटरवरचं बोलणं ठरलेलं. "दादा, फोटो अपलोडच होऊन नाही राहिला." "केबी जास्त असन. थांब, कमी करून देतो." दोन-चार क्लिक होतात, पैसे दिले जातात आणि पोरगं पुढच्या फॉर्मपर्यंत सुटतं.

संगणकावरच्या बहुतेक कटकटी याच मापाच्या असतात. फोटो मोठा आहे, फाइल सापडत नाही, मराठी मजकुराचा काला झालाय. यासाठी महागडं पॅकेज लागत नाही की कृत्रिम बुद्धिमत्ता. एकच काम नीट करणारं, फुकट मिळणारं आणि नेट बंद असतानाही चालणारं टिल्लूसं सॉफ्टवेअर पुरतं. मला या टिल्लू मंडळींचा भारी लळा आहे.

फोटोचंच घ्या. बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी संस्था आयबीपीएस फोटो मागते २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा. सही १४० बाय ६०ची, १० ते २० केबीची. लोकांचं सगळं लक्ष केबीवर. पण केबी ठरतात पिक्सेल किती आणि क्वालिटी किती यावरून. बारा मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो तसाच ठेवून नुसती क्वालिटी दाबत नेली तर चेहऱ्यावर चौकटी उमटतात, कारण जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातला तपशील वेगवेगळा गाळतं. म्हणून आधी कापायचं, मग पिक्सेल कमी करायचे, क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी.

यासाठी इरफानव्ह्यू या विंडोजवरच्या फोटो सॉफ्टवेअरला तोड नाही. बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ साली ते पहिल्यांदा बाहेर काढलं आणि घरगुती वापरासाठी ते अजूनही फुकट आहे. शिफ्ट-सी दाबून २००:२३० या प्रमाणात चौकट आखा, चेहऱ्यावर आणा, कंट्रोल-वायने कापा. कंट्रोल-आर दाबून २०० बाय २३० करा. मग एस दाबला की सेव्हच्या खिडकीशेजारी क्वालिटीची पट्टी येते. कापायची पायरी गाळून थेट २०० बाय २३० भरले आणि प्रमाण राखण्याची खूण काढून टाकली, तर माणूस एकतर लांबुडका होतो नाहीतर चपटा. हॉलतिकिटांवर असे चेहरे काही कमी नसतात.

इथे एक उलटी गंमतही होते. एवढ्याशा फोटोची फाइल कधीकधी २० केबीच्या खालीच राहते आणि साइट म्हणते, कमी आहे. तेव्हा क्वालिटी ९५-१०० वर न्या, पुरतं. वरच्या टोकाला मात्र ५०ची मर्यादा असेल तर ४८वर थांबावं. एक केबी म्हणजे १००० बाइट की १०२४, यावर विंडोज आणि समोरची साइट यांचं एकमत असेलच असं नाही.

सहीचं दुखणं वेगळं. कागद पांढरा असतो, पण मोबाइलने काढलेल्या फोटोत तो करडा येतो, वर हाताची सावली आणि कागदाचा पोत. जेपीजीच्या लेखी तो पोत म्हणजे तपशील. सपाट पांढऱ्याला जवळपास काहीच बाइट लागत नाहीत, खरखरीत करड्याला भरपूर लागतात. कंट्रोल-जीने रंग काढून टाका, शिफ्ट-जीच्या खिडकीत कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस वाढवा. पार्श्वभूमी पांढरी झाली की सही ठळक दिसते आणि फाइलही आपसूक हलकी होते. जेल पेन काळंच घ्या. निळं पेन या खटाटोपात फिकं पडतं.

आणि फाइलचं नाव बदलून पीएनजीचं जेपीजी होत नाही. हा उपाय शहरभर चालतो, म्हणून सांगितलं. इरफानव्ह्यूत अशी फाइल उघडली की ते लगेच टोकतं: ही तर पीएनजी आहे, एक्स्टेन्शन चुकीचं लावलंय, बदलू का? तिथे हो म्हणायचं आणि मग रीतसर जेपीजी म्हणून सेव्ह करायचं.

पासपोर्ट फोटोची शीटही घरच्या घरी लागते. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहा इंची कागद आडवा धरला तर चारच्या दोन ओळी, आठ फोटो बसतात. छापताना 'फिट टू पेज' काढून १०० टक्के ठेवा, नाहीतर फोटोचं माप बदलतं आणि खिडकीवरचा माणूस फोटो परत करतो.

फाइल शोधण्यासाठी एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर. विंडोजचा आपला शोध गोल फिरत बसतो, हे अक्षर टाइप होताहोता यादी समोर ठेवतं. कारण ते फोल्डर धुंडाळत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीची डिस्क आपल्या सगळ्या फाइलींची एक मुख्य वही ठेवते, त्या वहीतली नावं ते सरळ उचलतं. म्हणूनच फॅट किंवा एक्सफॅट या वेगळ्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवर ही जादू चालत नाही. तिथले फोल्डर सेटिंगमध्ये वेगळे जोडावे लागतात. सातबारा कोणी मराठीत नाव देऊन ठेवलेला असतो, कोणी इंग्रजीत. दोन्ही नावं लिहून मध्ये उभी रेघ टाकली की 'हे किंवा ते' असा शोध होतो. आकडेही देवनागरी आणि इंग्रजी वेगळे धरले जातात, तेही असेच रेघ टाकून शोधावेत.

आता मराठी मजकूर. इथे जरा थांबायला हवं, कारण खरा काला इथेच होतो.

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आसपास टंकलेखन करणाऱ्यांची बोटं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कीबोर्डवर तयार झालेली, म्हणून मजकूर कृतिदेव फाँटमध्ये. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे: डी, के, ई टाइप केलं की पडद्यावर 'काम' दिसतं, पण फाइलमध्ये डी, के, ई हेच असतं. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर ती फाइल उघडली की मुखवटे गळून पडतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून औषध म्हणून कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टर वेबवर ढिगाने आहेत, पण सगळे सारखे नाहीत. पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. तिने नुसतं एक अक्षर नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं. कच्चा कन्व्हर्टर 'स्थिती'चं 'स्िथती' करतो. रफाराचं नेमकं उलट: तो कृतिदेवमध्ये नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणून कन्व्हर्टरला पहिली परीक्षा 'स्थिती' आणि 'कर्मचारी' या दोन शब्दांची घ्यावी. त्यात नापास झाला तर पुढचं पान उघडा.

दुसरी खोच अशी की कन्व्हर्टरला फाँट कळत नाही, नुसती अक्षरं कळतात. मूळ अर्जात मध्येच कंपनीचं नाव किंवा ईमेल टाइम्स या इंग्रजी फाँटमध्ये लिहिलेला असेल तर त्याचंही मराठीत भजं होतं. वर्डच्या शोधात फॉरमॅटमधून फाँट निवडता येतो. तिथे टाइम्स शोधून असे तुकडे आधी बाजूला काढून ठेवावेत आणि शेवटी जागच्या जागी चिकटवावेत. आणि बोटं रेमिंग्टनचीच असतील तर रेमिंग्टन गेल नावाचा कीबोर्ड लेआउट आहे. बोटांची सवय तीच राहते, फाइलमध्ये युनिकोड उतरतं. कन्व्हर्टरची गरजच उरत नाही.

युनिकोडमध्ये आलो म्हणजे सुटलो, असंही नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. त्यातला ॲ एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो आणि अ-वर चंद्र ठेवूनही. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या मजकुरात जोडकाम आहे. मग कंट्रोल-एफने 'ॲडव्होकेट' शोधलं की अर्धेच सापडतात, एक्सेलमध्ये एकच नाव दोनदा मोजलं जातं. शंका आली तर वर्डमध्ये त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. एकसंध असेल तर ॲ जाऊन ०९७२ दिसेल. जोडलेला असेल तर अ जागीच राहून पुढे ०९४५ येईल. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत. कोणता प्रकार नको ते कळलं की 'रिप्लेस ऑल'ने सगळीकडे एकच करून टाका. 'दऱ्या', 'सुऱ्या'तल्या ऱ्याचीही हीच तऱ्हा. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर तो शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई असा टाइप करावा.

फाइल वेबसाइटवर चढवून छोटी करून घेणाऱ्यांबद्दल एक शब्द. लग्नपत्रिका चढवा, हरकत नाही. आधार, पॅन, सही चढवताना विचार करा. ती साइट काम आपल्याच ब्राउझरमध्ये करते की फाइल कुठल्या सर्व्हरवर नेते, हे ओळखायची सोपी खूण आहे: पान पूर्ण उघडलं की वायफाय बंद करा आणि मग फाइल टाका. स्कूश किंवा फोटोपी या साइट तरीही काम करतात. नेट बंद होताच जी हात वर करते, तिच्याकडे आधार द्यायचं नाही.

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. फॉर्मला बिनपासवर्डची प्रत हवी असेल तर क्रोममध्ये उघडून प्रिंटमध्ये 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. त्या नव्या प्रतीत डिजिटल सही राहत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

आणि दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह. उघडावा तर प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालेला. त्यावर क्लिक करू नका, फॉरमॅट तर मुळीच मारू नका. फाइली सहसा गेलेल्या नसतात. व्हायरसने त्यांना लपवलेलं असतं आणि वर सिस्टिम फाइलचा शिक्का मारलेला असतो. सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःची खिडकी उघडा, तिच्यातून पेन ड्राइव्हमध्ये शिरा. तिला लपवलेलंही दिसतं. आपले फोल्डर तेवढे उचलून संगणकावर घ्या. शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट फाइली तिथेच सोडा. घेतलेलं सगळं अँटीव्हायरसने तपासून झालं की मग ड्राइव्ह फॉरमॅट करा.