अण्णांची वही

अण्णा बँकेतून रिटायर झाले तेव्हा घरात दोन कोऱ्या डायऱ्या पडून होत्या. एकीत दुधाचा हिशेब सुरू झाला, दुसरीत देवमासे, वटवाघळं आणि कृष्णविवरं. रात्री जेवण उरकलं की ते रिमोट घेऊन बसतात आणि बघितलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटरीला दहापैकी गुण देतात. एक पान माझ्यासमोर आहे. ‘ऑक्टोपस. ७. संगीत फार.’ त्याखाली, ‘पिरॅमिड व परग्रहवासी. ०. आईस्क्रीम मात्र चांगलं होतं.’

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या टीव्हीवर एक बटण दाबलं की कन्नड सासू, पुढचं दाबलं की मराठी सासू. त्या गर्दीतून विज्ञानाच्या चॅनेलवर पोहोचावं, तर तिथे कुणीतरी खजिना खणत असतो नाहीतर जुनी मोटार रंगवत असतो. अण्णांची चाचणी पाच मिनिटांची. तेवढ्यात हिंदी निवेदकाने घोगऱ्या आवाजात ‘वैज्ञानिक भी हैरान हैं’ म्हटलं की चॅनेल बदललं. "हैरान झालाय तो कोण, नाव काय त्याचं, कुठल्या विद्यापीठात असतो, ते सांग की!" हे ते टीव्हीलाच विचारतात.

ही सवय दूरदर्शनची. नव्वदच्या दशकात ‘टर्निंग पॉइंट’ लागायचं. सूत्रसंचालक गिरीश कर्नाड, म्हणजे धारवाडात वाढलेला माणूस, त्यामुळे आमच्या गल्लीला तो घरचाच कार्यक्रम वाटायचा. लोकांच्या प्रश्नांना भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल उत्तरं द्यायचे, तेही शेजारच्या काकांशी बोलावं इतक्या सहज. पार्श्वसंगीताचा दणदणाट नाही, काही नाही.

आता दणदणाट असतोच. आणि आवाजांची गंमत तर मला फार उशिरा कळली. लांबच्या अस्वलाला कॅमेरा जवळ ओढू शकतो, माइक नाही. त्यामुळे बर्फातली ती करकर पुष्कळदा मागाहून स्टुडिओत भरलेली असते, कॉर्नफ्लॉवर दाबून वगैरे. हे ऐकून मला फसवल्यासारखं झालं. अण्णांना नाही. "नाटकात पाऊस खरा असतो काय?" त्यांचा राग वेगळ्यावर. २०१२ साली ॲनिमल प्लॅनेटने नटांना शास्त्रज्ञ करून जलपऱ्यांवर कार्यक्रम दाखवला, आणि जलपऱ्यांचा पुरावा नाही असं अमेरिकेच्या सागरी खात्याला जाहीर करावं लागलं. हा किस्सा अण्णा महिन्यातून एकदा तरी सांगतात.

पण खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या गाड्याजवळच्या कट्ट्यावर. गेल्या पावसाळ्यात आदल्या रात्रीच्या वटवाघळांवर चर्चा चालली होती. ती ओरडतात, प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढतात, आणि तो आवाज बहुतेक वेळा आपल्या कानाच्या पट्टीपलीकडचा. शेजारचे कन्नड मास्तर प्रत्येक वाक्याला ‘हौद्री’, म्हणजे ‘होय हो’, म्हणत होते. इतक्यात खानापूरकडचे दूधवाले मामा किटली खाली ठेवून म्हणाले, "त्यात काय वो? आमच्या तळेवाडीकडं गुहेत हायत की! सायब लोकं बघायला येत होते."

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी घरी येऊन पुस्तकं काढली, तर मामा बरोबर. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहे. तिथलं मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राच्या दप्तरी लागलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. कंबोडिया आणि मेघालयात ते फार पुढे सापडलं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहिणींची अख्खी भावकी आम्हाला तोंडपाठ, आणि हे तळेवाडी गाव तासा-दीड तासावर!

दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं तर ते शांतपणे दूध मापत म्हणाले, "आपलं सोडून सगळं दाखवूलालेत बघा."

त्या संध्याकाळी नेमका करंट गेला. अण्णा खुर्ची घेऊन गच्चीवर गेले. समोरच्या वडावरून वटवाघळं एकेक करून सुटत होती, आधी तीन-चार, मग मोजता येईनात इतकी. अर्धा तास आम्ही काही बोललो नाही. करंट आल्यावर त्यांनी वही उघडली. ‘गच्ची. वटवाघळं. संगीत नाही. ९.’

"एक गुण कुठे गेला?" मी विचारलं.

"डास," अण्णा पाय खाजवत म्हणाले.