पुली तापली होती

धुळ्यातला मे महिना. बाहेर 44 अंश, आणि प्रयोगशाळेतली हवा इतकी कोरडी की सुईच्या टोकावरच पॉलिमर सुकून गोळी धरायचा. दर दहा मिनिटांनी हाय व्होल्टेज बंद करा, टोक पुसा, परत चालू करा. पीएचडी म्हणजे हेच का, असं वाटायला लागलं होतं.

काम असं: पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचा पॉलिमर विरघळवून सिरिंजमध्ये भरायचा आणि सुईला 15 किलोव्होल्ट द्यायचे. विजेच्या ओढीने थेंबातून धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि केसाहून कितीतरी बारीक धागा समोरच्या फिरत्या ड्रमवर गुंडाळला जातो. तुटलेल्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, दोन टोकांमध्ये अंतर राहिलं, तर या धाग्यांनी पुलाचं काम करावं, ही कल्पना. आज सर्जन बहुधा पोटरीतली संवेदनेची नस काढून तिथे जोडतात. नस जुळते, पण पायाची कड कायमची बधिर होते. धागे एका दिशेने असले तर श्वान पेशी, म्हणजे नसेला आधार देणाऱ्या पेशी, त्यांच्यावर रांग धरतात आणि चेतातंतू त्या रांगेने पुढे सरकतो, दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. धागे विस्कटलेले असले तर तोही भरकटतो.

माझे विस्कटलेलेच येत होते. धागे सरळ पडायला ड्रम वेगात फिरावा लागतो. त्याचा वेग तर मिनिटाला 2500 फेरे दिसत होता, मग दोष द्रावणाचाच असणार. तीन आठवडे मी प्रमाण बदलत बसले.

त्या दुपारी आमचे आबा पाण्याचा जार ठेवायला आले. शिपाई होण्याआधी त्यांनी बरीच वर्षं जिनिंगमध्ये काढलेली. मायक्रोस्कोपच्या पडद्याकडे बघून म्हणाले, "ताई, हाई तं नुसता गुंता शे." पिंजलेल्या कापसाचा पेळू त्यांनी हाताने ओढून दाखवला असता, तरी इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

मी वेगाचा आकडा दाखवला. त्यांनी तो पाहिलाही नाही. मशीन बंद करायला लावलं, व्होल्टेज उतरल्याची खात्री मी केली, आणि त्यांनी मोटरच्या पुलीला डावा हात लावला.

"पुली तापेल शे. पट्टा सरकस."

खाली काळी रबराची भुकटी पडली होती. रोज झाडायची मी, कधी विचार केला नाही. पट्टा घसरत होता; आकडा मोटरचा होता, ड्रमचा नव्हे! मोटरचे दोन बोल्ट सैल करून आबांनी ती मागे ओढली आणि पट्टा ताणला. तासाभराने फॉइलवरचा तुकडा पाहिला: नुकत्याच पेरलेल्या वावरातल्या तासांसारख्या सरळ रेघा.

डाव्या हाताने का, हे मी सहज विचारलं. उजव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला काही कळत नाही, म्हणाले. वीसेक वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत मनगट गेलेलं. जखम शिवली गेली, नस कुणी पाहिली नाही. करंगळीकडे जाणारी नस मनगटात कातडीखाली वरवरच असते, हे मी रोज आकृतीत बघते.

"ह्या धाग्याले मनी बोटं जुळतीन?"

मी नाही म्हणाले. स्नायूंना नसेविना राहून वर्ष-दीड वर्ष झालं की नस पोचूनही फारसं हाती लागत नाही, आणि माझे धागे तर अजून काचेच्या ताटलीतल्या पेशींपुढेही गेलेले नाहीत. हे सगळं मी जरा जास्तच लांबवून सांगितलं.

त्यांनी बोटं बनियनला पुसली.

"मंग चालू करा मशीन. चारले लाईट जाई."