लवकर कळलं, तरीही

ब्रिस्बेनमध्ये त्वचेच्या कर्करोगाबद्दल लोक अगदी सहज बोलतात. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या दोघांना तो कुठल्या ना कुठल्या प्रकारचा निघतो, आणि बहुतेकांचा छोट्या शस्त्रक्रियेत संपतो. ऑफिसात कुणाच्या नाकावर टाके असतात, कुणाच्या मानेवर पट्टी. 1981 पासून इथे शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे. सांगलीत आमच्या गल्लीत एका काकूंना कर्करोग झाला होता, तेव्हा सगळे ‘त्यांना तो आजार आहे’ एवढंच म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे.

मला मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा जास्त धोकादायक प्रकार, निघाला तेव्हा माझ्या भीतीला या दोन्हींपैकी एकाही गावात जागा नव्हती.

डाग उजव्या पायाच्या तळव्यावर होता. काळपट, वेड्यावाकड्या कडांचा, हळूहळू पसरत चाललेला. बायोप्सीत ‘इन सिटू’ आलं, म्हणजे शून्यावा टप्पा. बिघडलेल्या पेशी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच होत्या. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथून हा आजार शरीरभर जात नाही. भोवतीची थोडी चांगली कातडी धरून डाग काढायचा, की झालं. केमो नाही, रेडिएशन नाही. डॉक्टर म्हणाल्या, “तुम्ही नशीबवान आहात, लवकर कळलं.” मग नवरा म्हणाला, मैत्रिणी म्हणाल्या, ऑफिसातले म्हणाले. ते खरंच होतं, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण ते वाक्य आलं की पुढे बोलायला काही उरायचं नाही. तळव्यावरची जखम भरायला वेळ लागतो, त्या पायावर भार द्यायचा नव्हता. दिवसभर बसून राहायचं आणि डोकं चालू. मुलीची वेणी घालताना मध्येच हात थांबायचा.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिकडचं ऊन बाधलं गं तुला.” बाबांचं एकच, “इकडे ये, मिरजेला दाखवूया. कर्नाटकातनं माणसं येतात तिथं.” सांगलीकराचा मिरजेच्या दवाखान्यांवर केवढा विश्वास असतो ते मला कुणी सांगायला नको. पण आईचं म्हणणं मनात रुतलं. हा देश निवडला म्हणून हे झालं का? डॉक्टरांना विचारलं, तर तळव्यावरच्या मेलानोमाचा संबंध उन्हाशी जोडता येत नाही म्हणाल्या. सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, म्हणून आपल्यासारख्यांत मेलानोमा एकूण कमीच. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, 1981 साली 36व्या वर्षी तो गेला. कुणाचाच दोष नाही हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं, आणि कारणच नाही हे पचवायला जडही गेलं.

इथे सांगून ठेवते, कारण गावाकडे तळपायावरचं काहीही ‘कुरूप असेल’ म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा ते कुरूपच असतं. पण तळव्यावर नवा काळा डाग दिसला, जुन्याचा आकार किंवा रंग बदलत असला, नखाखालची काळी रेघ रुंद होत असली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या आग्रहाखातर बाबांनीही दाखवलं. कुरूपच निघालं.

मला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. इथे कॅन्सर कौन्सिलची 13 11 20 ही फोनसेवा आहे. पलीकडच्या बाईंनी मला नशीबवान म्हटलं नाही. “झोप लागते का?” एवढंच विचारलं, आणि मी रडले. त्या म्हणाल्या, डाग केवढा होता यावरून भीती किती वाटावी हे ठरत नाही.

त्यानंतर आईशी नीट बोलले. डाग गेलाय, तरी अंगावरचा प्रत्येक तीळ दिवसातून चारदा बघते, असं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, 2019 च्या पुरानंतर मी पावसाळ्यात रोज आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघते की. धोका पंचेचाळीस फुटांना, आणि मी पंधरा फूट असली तरी बघते. बाबा हसतात. हसू देत.” तिने ‘काळजी करू नकोस’ म्हटलं नाही, म्हणून मला पहिल्यांदा शांत वाटलं. पाणी घरात शिरलेलं बघितलेल्या बाईला काय समजवायचं?

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी नवरा माझी पाठ, तळवे, नखं नीट बघतो. मधल्या दिवसांत बघायचं नाही असं ठरवलंय. कधी जमतं, कधी नाही. रात्री फोनवर आजाराबद्दल वाचणं मात्र पूर्ण बंद केलंय, त्याचा खरंच उपयोग झाला. पुढची तपासणी सकाळी साडेअकराला आहे, म्हणजे सांगलीत सात. आईने सांगून ठेवलंय, बाहेर पडल्या पडल्या आधी मला फोन कर, मग घरी जा.