तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅकसाठी कमी पैशांतली कडक फ्रेम

पुण्यातल्या बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या उतरत्या कडांच्या ट्रॅकवर, नव्याने उतरणारी मुलं आणि त्यांचे आईवडील हमखास एकच प्रश्न विचारतात: “बजेट फार नाही, पण फ्रेम कडक हवी. कोणती घ्यावी?” थोडक्यात उत्तर असं, की ॲल्युमिनियमची, जाड डाउनट्यूबची (हँडलपासून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी), खऱ्या ट्रॅकच्या मापांची आणि जमलं तर वापरलेली घ्या. उरलेले पैसे चाकं, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) आणि हँडल यांत घाला. कार्बनच्या नव्या फ्रेमसाठी कर्ज काढायचं कारण नाही.

मुळात फ्रेम कडक कशासाठी हवी, ते आधी पाहू. ट्रॅकवर फ्रेमची खरी परीक्षा दोनदा होते. पहिली उभ्या जागेवरून सुटताना. गिअर एकच, तोही जड, आणि सायकल थांबलेली. समजा 49 दात पुढे, 14 मागे आणि 165 मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आहे. स्प्रिंटर हँडल वर खेचत पेडलवर दीडशे किलोचा जोर देतो, तेव्हा चेनवर जवळपास 250 किलोचा ताण येतो. हा सगळा ताण एकट्या उजव्या बाजूने मागचं चाक पुढे ओढतो. त्याच वेळी पेडलचा जोर बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फिरतो तो फ्रेमचा सांधा) एका अंगाला ढकलतो आणि हातांचा जोर हेडट्यूब (हँडलखालची पुढची उभी नळी) पिळतो. दुसरी परीक्षा वळणावर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या 250 मीटरच्या लाकडी ट्रॅकसारख्या ठिकाणी वळणाची त्रिज्या वीस ते पंचवीस मीटरच असते. तिथे ताशी 65 किलोमीटरने वळताना शरीराचं वजन पावणेदोन पटींच्या आसपास गेल्यासारखं होतं. 75 किलोचा रायडर त्या क्षणी सायकलला 130 किलोंहून जड असतो. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) किंवा हेडट्यूब मऊ असेल तर सायकल ठरलेली रेघ सोडून वर-खाली भटकते.

लचकण्यात ताकद वाया जाते, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, कारण वाकलेली नळी बरीचशी ऊर्जा परत देते. माझ्या मते कडकपणाचा मुख्य फायदा सायकल हुकमात राहण्याचा आहे. म्हणून स्प्रिंट, कैरिन, टीम स्प्रिंट अशा थोड्या वेळाच्या, पूर्ण जोराच्या शर्यती करणाऱ्यांनी कडकपणावर जास्त पैसे घालावेत. पर्स्यूट किंवा पॉइंट्स रेस अशा लांब शर्यतीवाल्यांना बसण्याची ठेवण जास्त महत्त्वाची.

कडकपणा किमतीतून येत नाही, नळीच्या व्यासातून येतो. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्या प्रमाणात. स्टील ॲल्युमिनियमच्या तिप्पट ताठ, पण वजनानेही जवळजवळ तिप्पट. आता हिशोब करा. 31.8 मिलिमीटर व्यासाची, 0.7 मिलिमीटर भिंतीची स्टीलची डाउनट्यूब मीटरमागे साधारण 540 ग्रॅम भरते. 50 मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर भिंतीची ॲल्युमिनियमची नळी 615 ग्रॅम भरते आणि अडीच पटींहून जास्त ताठ असते. म्हणून दुकानात वजनकाट्याआधी कॅलिपर काढावा. डाउनट्यूब बीबीपाशी किती रुंद आहे, चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्या) किती उंच आहेत आणि हेडट्यूब खाली दीड इंचापर्यंत फुगत जाते का, हे तीन आकडे फ्रेमचं बरंचसं चरित्र सांगतात. सीटस्टे (सीटखालून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या नळ्या) काडीसारखे बारीक असले तरी बिघडत नाही.

यावर कुणी जपानच्या कैरिनचं उदाहरण देतं. तिथे 1948 पासून चालत आलेल्या व्यावसायिक शर्यती आजही मुख्यतः बारीक नळ्यांच्या स्टील फ्रेमवर होतात आणि पळवणारे राक्षसी ताकदीचे असतात. खरंच आहे. पण त्या फ्रेम रायडरच्या मापाने, त्याच्या सांगण्याप्रमाणे हाताने बनतात, आणि तिथले बरेच ट्रॅक 333, 400, 500 मीटरचे आहेत. दुसऱ्याच्या मापाची जुनी कैरिन फ्रेम स्वस्तात मिळाली तर सरावाला छान. 250 मीटरच्या लाकडावर जोरदार स्टार्ट मारायचे असतील तर मी ती सुचवणार नाही.

आता मापं. बाजारात ‘फिक्सी’ (एकच फिक्स गिअर असलेली सायकल) म्हणून मिळणाऱ्या निम्म्या सायकली इथेच बाद होतात. रोड फ्रेममध्ये बीबी चाकाच्या आसापेक्षा साधारण 70 मिलिमीटर खाली असतो, ट्रॅक फ्रेममध्ये 50 ते 55. म्हणजे बीबी जमिनीपासून 280 मिलिमीटरच्या वर राहतो. फरक दीड-दोन सेंटिमीटरचा, पण 42 ते 45 अंशांच्या उतारावर तोच वाचवतो. ट्रॅकवर आपण डावीकडे वळतो, चढ उजव्या हाताला. वेग ताशी तीसच्या खाली आला की सायकल उतारापेक्षा जास्त उभी राहते आणि उजवं पेडल लाकडाला टेकतं. फिक्स गिअरमध्ये पेडल थांबवता येत नाही, त्यामुळे टेकलं की मागचं चाक उचललं जातं आणि माणूस खाली. म्हणून क्रँकही 165 चाच. 172.5 चा जुना रोड क्रँक लावला तर बीबीने मिळवून दिलेले साडेसात मिलिमीटर तुम्ही परत देता. हेडट्यूबचा कोन 74 ते 75 अंश असावा; 72-73 ची फ्रेम रस्त्यासाठी बनलेली असते. ब्रेकचं भोक असणं हा दोष नाही, बाटलीच्या बोल्टची भोकंही चालतात. ट्रॅकवर ब्रेक लावायचा नसतो, एवढंच.

फ्रेम पाहताना सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस ज्यांत बसतो त्या खाचांवर) घालवायला सांगेन. ते मागे उघडणारे, दोन्हींमधलं अंतर 120 मिलिमीटर, आणि जाडी किमान सहा-सात मिलिमीटर. 130 ची रोड फ्रेम दाबून त्यात ट्रॅक हब बसवण्याचा खटाटोप करू नका, ॲल्युमिनियममध्ये तर अजिबातच नको. नुसत्या ॲल्युमिनियमच्या ड्रॉपआउटमध्ये नट रुततो, खळगा पडतो आणि पुढच्या वेळी चाक हवं तिथे न बसता आपोआप त्या खळग्यात जाऊन बसतं. स्टीलच्या पट्ट्या बसवलेले ड्रॉपआउट असतील तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत. नव्या फ्रेमवर नटाखाली जाड रंग असतो. तो घासून काढा, रंगावर नट घसरतो.

‘फ्रेम फार लचकते, चाक चेनस्टेला घासतं’ अशी जी तक्रार येते, तिच्यात बऱ्याचदा दोष फ्रेमचा नसतोच. तपासायची रीत सोपी आहे. स्टार्ट मारून या, उतरा आणि मागचं चाक चेनस्टेच्या बरोबर मध्ये आहे का ते बघा. टायर डाव्या चेनस्टेकडे झुकलेला असेल तर आस उजवीकडून पुढे सरकला आहे. नट ढिला होता. 15 मिलिमीटरच्या लांब पान्याने दोन्ही नट 30 ते 40 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा आणि उजवीकडे चेन टेन्शनर लावा. चाक मध्येच आहे, तरी डाव्या चेनस्टेच्या आतून टायरचा काळा पट्टा उमटला आहे? मग काहीतरी खरंच लचकतंय. आधी स्पोकचा ताण बघा. कमी स्पोकचं ढिलं चाक बदलून 32 स्पोकांचं, तीन वेळा ओलांडून विणलेलं चाक लावा. तरीही पट्टा उमटला तर फ्रेमला बोल लावायला हरकत नाही. पुढून लचक जाणवत असेल तर आधी स्टेम आणि हँडल बदलून बघा. लांब, बारीक स्टेम चांगल्या हेडट्यूबचं सगळं श्रेय खाऊन टाकतो.

आणखी एक उपाय फ्रेम न बदलता होतो. 49 ला 14 आणि 56 ला 16, दोन्हींचं गुणोत्तर 3.5 च. पण 56 ची चेनरिंग मोठी असल्याने त्याच जोराला चेनवरचा ताण 250 किलोंवरून 219 वर येतो, म्हणजे आठवा हिस्सा कमी. मागचा त्रिकोण तेवढा कमी पिळतो आणि नटावरचा भारही घटतो. अडचण अशी, की कित्येक जुन्या फ्रेममध्ये 52-53 दातांपुढची रिंग चेनस्टेला लागते. म्हणून विकत घेण्याआधी विचारा, मोठ्यात मोठी किती दातांची रिंग बसते, आणि चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर) 42 मिलिमीटर धरून विचारा.

नावं हवी असतील तर ॲल्युमिनियममध्ये डोलन प्री कर्सा हे सरळ उत्तर. युरोपातल्या ट्रॅकवर भाड्याने द्यायला ठेवलेल्या सायकलींमध्ये ती खूप दिसते. फेल्टच्या टीके मालिकेतल्या जुन्या ॲल्युमिनियम फ्रेम, फूजी ट्रॅक प्रो, चिनेली विगोरेली याही पाहण्यासारख्या. विगोरेली स्टीलमध्येही येते, ऑर्डर देताना लक्ष असू द्या. बाहेरून मागवताना कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशोब करा, नाहीतर स्वस्त फ्रेम दारात येईपर्यंत महाग होते. आंतरराष्ट्रीय शर्यतींचा विचार असेल तर 1 जानेवारी 2011 नंतर आलेल्या मॉडेलवर यूसीआयच्या (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मान्यतेचं चिन्ह लागतं, तेही बघा.

वापरलेली फ्रेम घेताना ॲल्युमिनियमच्या वेल्डपाशी, विशेषतः हेडट्यूबच्या खालच्या बाजूला आणि बीबीजवळ चेनस्टेवर, रंगात केसासारखी रेघ आहे का ते टॉर्चने बघा. नखात अडकणारी रेघ दिसली तर परत ठेवा, ॲल्युमिनियमची चीर वाढतच जाते. कार्बन असेल तर नाण्याने टकटक करत जा. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे थर सुटले आहेत. मग दोरा घ्या. एका ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक मिलिमीटरचा फरक चालेल, तीनचा नाही. बीबी 68 मिलिमीटरचा, इंग्लिश आट्याचा असला तर उत्तम. त्याचे भाग कुठेही मिळतात आणि दाबून बसवायच्या बीबीसारखा तो कुरकुरत नाही.

बालेवाडीसारख्या उघड्या काँक्रीटच्या ट्रॅकवरच मुख्य सराव होणार असेल, तर 25 मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा चिमट्यात आणि सीटट्यूबपाशी हवी. काही शर्यती फ्रेममध्ये 23 चा टायरही जेमतेम मावतो. फ्रेम विकणाऱ्याला फोनवर बीबीची उंची, हेडट्यूबचा कोन, टायरची जागा आणि मोठ्यात मोठी चेनरिंग एवढं विचारा, ड्रॉपआउटचे जवळून फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर दुसरी फ्रेम बघा.