दहाला एक, पंधराला दोन

परवा दुपारी सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटात एका मावशींशी माझं मेथीवरून बिनसलं. भांडण नव्हे. भांडायला निदान दहा रुपयांचा तरी माल घ्यावा लागतो, मला पाचचाच हवा होता.

"मेथी दहाला एक, पंधराला दोन."

"अर्धी पेंडी द्या की मावशी."

मावशींनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "अर्धी? राहिलेली अर्धी काय शेळीला घालू? घरात माणसं किती?"

"एकच."

"मग दोन न्या. पंधरा द्या."

शेजारच्या कोथिंबीरवालीनं तोंडाला पदर लावला. मी पंधरा रुपये दिले आणि दोन पेंड्या काखेत मारून निघालो.

टॉवेलच्या कारखान्यात पंचवीस वर्षं हिशेब लिहितोय, पण हा हिशेब मला अजून लागलेला नाही. एकट्याला पेंडी दहाला, चौघांच्या घराला साडेसातला. किराण्यातही तेच. तेलाचा पंधरा किलोचा डबा घेणाऱ्याला भाव वेगळा, पाऊण महिन्यानं अर्धा लिटरची पिशवी नेणाऱ्याला वेगळा. आदपाव तूरडाळ मागितली की दुकानदार काट्याकडं न बघता माझ्याकडं बघतो. आई गेल्यापासूनची पाच वर्षं मी हे बघणं सोसतोय. पगार बेताचा, त्यात घरभाडं आणि बीपीच्या गोळ्या. उरतं ते पोटाचं.

एक पळवाट आहे. दिवेलागणीला बाजार उठायच्या वेळी जायचं. उरलासुरला माल तेव्हा गोणपाटावर वाटे घालून मांडलेला असतो. पाच वांगी, मूठभर गवार, दोन मऊ टोमॅटो, वर एक मिरची. वाटा दहाला. काटा नाही, घरात माणसं किती ही चौकशी नाही. वांगं एखादं किडकं निघतं, तेवढं आपण समजून घ्यायचं.

खरी पंचाईत होते भोगीला. भोगीच्या भाजीत काय काय पडतं ते तुम्हाला सांगायला नको. गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, वांगं, वालघेवडा, बोरं, तीळ. प्रत्येक जिन्नस नुसता चवीपुरता म्हणून घेतला तरी भाजी दोन किलोच्या खाली येत नाही. गेल्या भोगीला मी ती केली. त्या दिवशी दुपारी सगळं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता टाकायला. मी बाजरीची भाकरी आणि भाजी खाऊन गेलो. परत येऊन भाजी खाल्ली. संक्रांतीला खाल्ली. किंक्रांतीला ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं.

माझी आजी असती तर तिनं हे एका भगुन्यात बसवलं असतं. आजोबा मिलमध्ये होते. ते गेल्यावर ती चाळीतल्या त्याच खोलीत एकटी राहिली, विड्या वळायची. आमची शाळा जवळ, म्हणून दुपारच्या सुट्टीत मी तिच्याकडं. तिचं भगुनं इतकं लहान की मला ते भातुकलीतलं वाटायचं. त्यात मूठभर तूरडाळ, हळद, तेलाचा थेंब आणि गळ्यापर्यंत पाणी. पण एवढ्याशा डाळीसाठी स्वतःची चूल पेटवायची नाही. पलीकडं तेलुगू अक्का राहायच्या, त्यांच्या घरात सात माणसं. त्यांच्या भाकरी झाल्या की आजी उंबऱ्यातूनच ओरडायची, "अक्का, इस्तू ठेवा गं!" आणि भगुनं त्यांच्या निखाऱ्यांवर जाऊन बसायचं. डाळ फुटेपर्यंत आजीच्या शे-दीडशे विड्या व्हायच्या.

बदल्यात अक्कांकडं शेंगाचटणी जायची. अक्कांकडून मला पेल्यातून पच्चीपुलुसू मिळायचं. चिंचेचं पाणी, त्यात चिरलेला कांदा, मिरची, गुळाचा खडा. भातावर ओतायचं. "ह्याला तर इस्तूबी लागत नाही," आजी कौतुकानं म्हणायची. आजीच्या कौतुकात जळणाचा हिशेब असायचाच.

जेवायला मात्र थाट. पाट, ताट, ताटात मीठ, लिंबाची फोड, चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा, तांब्याभर पाणी. मी आमच्या घरून जेवून आलेलो असलो तरी तिचं हे सगळं चालूच. एकदा मी विचारलं, "आजी, कोण येणाराय का?"

"मी आलेय की," ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

ती भाकरीही एकदाच भाजून ठेवलेली. दुसऱ्या गावांत लोक कडक भाकरी पाहुण्यांना सोलापूरची गंमत म्हणून दाखवतात. ती खरी एकट्या माणसाची आहे, असं माझं ठाम मत. पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, वाळवायची. मग पंधरा दिवस, महिनाभर बघायला नको. आमटीत चुरायची, वर चटणी. ज्वारी, तूर आणि शेंगा, झालं. आमच्याकडं शेंगदाण्यालाही शेंगाच म्हणतात. पुण्याची माणसं 'शेंगाचटणी' ऐकून शेवगा शोधत बसतात. १०० ग्रॅम दाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे मला डब्यातली पावडर विकायला आलेल्या पोरानं सांगितलं. मी त्याला चटणी खायला घातली.

चटणी मी मिक्सरची खात नाही. कुटलेलीच पाहिजे, बोटाला तेल लागलं पाहिजे. साबण, चहापत्ती, दाढीचं पातं, सगळ्याला मी कात्री लावली, चटणीला लावणार नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, त्याचं बघू.

ज्वारीचं मात्र आता काही खरं नाही. आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला, भाकरी रोजची. ७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली आजी मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्या दाण्यावरून नुसता हात फिरवायची. २०२३ मध्ये जगानं भरडधान्याचं वर्ष साजरं केलं, हॉटेलांत भाकरीची थाळी आली, आणि माझ्या दुकानात मंगळवेढ्याची ज्वारी गव्हाच्या डोक्यावर जाऊन बसली. मी आता आठवड्यातले तीन दिवस पोळी खातो. सण म्हणावा तर तसं काही वाटत नाही.

तर मेथी. काखेतून घरी येईस्तोवर ती उन्हानं मलूल झाली होती. एक पेंडी फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी, असा बेत होता. पण निवडायला बसलो आणि हात थांबेना, दोन्ही निवडल्या. लोखंडी तव्यावर लसूण, मिरची, वर मेथीचा डोंगर. उलथनं मारेपर्यंत डोंगर खाली बसला. चमचाभर शेंगाचं कूट टाकलं. एवढी ताणाताणी करून, दोन पेंड्यांची मिळून भाजी झाली ती एक वाटी आणि वर चार घास.

ती मी तव्यातूनच खाल्ली, ओट्याशी उभ्यानं.